व्हीनस फ्लायट्रॅपची पानं रुंद, सापळे बारीक, वाढ ठप्प: दर पावसाळ्यातली तक्रार

जुलै उजाडला की माझ्या पुण्यातल्या गच्चीवरच्या व्हीनस फ्लायट्रॅपचं, म्हणजे पानाच्या टोकावरच्या सापळ्यात किडे पकडून खाणाऱ्या रोपाचं, रडगाणं सुरू होतं. एप्रिलमध्ये याच कुंडीत बारीक, ताठ देठ उभे असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला अंगठ्याच्या नखाएवढा, आतून लालबुंद सापळा असतो. पावसाचे तीन आठवडे गेले की नवी पानं उलथन्यासारखी पसरट निघतात. ती मऊ असतात, कुंडीच्या काठावरून लोळतात, आणि टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा सापळा. काही पानांना तर नुसती झालर, सापळा नाहीच. शिवाय पानं येण्याचा वेगही मंदावतो.

दुसऱ्या वर्षी हे पाहून मी ठरवलं की रोप उपाशी आहे. पावसात माश्या-मुंग्या कमी, मग खायला कोण घालणार? एक लिटर पाण्यात चिमूटभर १९:१९:१९ (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश सारख्या प्रमाणात असलेलं खत) विरघळवून कुंडीत ओतलं. पुढची दोन पानं आणखी रुंद आली, हिरवीगार. मी खूश. त्यानंतरच्या पानाला सापळाच नव्हता, आणि ऑगस्टअखेर बुडाशी तपकिरी चिखल झाला होता. तीनशे रुपयांचं रोप गेलं, त्याचं फार नाही. पण रोप मला आठ आठवडे काहीतरी सांगत होतं आणि मी ते उलटं वाचत होतो, हे लागलं.

तेव्हापासून या पानांचं वाचन कसं करायचं ते शिकत आलोय.

आधी पान कुठलं आणि देठ कुठला

आपण ज्याला फ्लायट्रॅपचं पान म्हणतो तो हिरवा पसरट भाग खरं तर देठ आहे. आणि ज्याला तोंड म्हणतो, तो सापळा म्हणजे खरं पान, म्हणजे पानाचं पातं. सगळा घोळ इथून सुरू होतो. देठ उन्हातून साखर बनवतो, तो घरचा कमावता. सापळा म्हणजे शिकायला बाहेरगावी पाठवलेला मुलगा: आधी खर्च, पैसे आलेच तर नंतर. सापळ्यातही हरितद्रव्य असतं, पण देठाच्या मानाने त्याची कमाई कमी आणि श्वसनाचा खर्च जास्त. सापळ्याच्या आतले, स्पर्श ओळखणारे केस दोनदा हलले आणि सापळा मिटला की त्याचं प्रकाशसंश्लेषण काही काळ घटतं आणि श्वसन वाढतं, हे मोजून पाहिलेलं आहे. (पाहुण्यांची मुलं बोट घालून एकेक सापळा मिटवत जातात तेव्हा मला हेच आठवतं, पण बोलता येत नाही.)

सापळ्याकडून मिळणारी खरी वस्तू म्हणजे नायट्रोजन, थोडा फॉस्फरस. म्हणजे प्रत्येक नवं पान बनवताना रोपापुढे हिशेब असतो: ऊन भरपूर आणि नायट्रोजन तुटपुंजा, तर देठ बारीक ठेवून सापळ्यावर खर्च करणं परवडतं. ऊनच कमी असेल तर सापळा मोठा करून उपयोग काय? पकडलेल्या माशीतून आलेला नायट्रोजन वापरायलाही साखर लागते. मग देठ रुंदावतो. आणि नायट्रोजन मुळांतूनच आयता मिळत असेल, तर सापळ्याची गरजच कमी होते.

हा शेवटचा मुद्दा दुसऱ्या एका कीटकभक्षी झाडावर, घड्यासारख्या पानांत किडे पकडणाऱ्या घटपर्णीच्या सारासेनिया परप्युरिया या अमेरिकी जातीवर स्पष्ट दिसलेला आहे. एलिसन आणि गोटेली या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं की नायट्रोजन जास्त मिळालं की ही झाडं घट लहान करतात आणि त्याऐवजी चपटी, साध्या पानासारखी पानं काढतात. माझ्या १९:१९:१९ ने तेच केलं होतं. हिरवीगार रुंद पानं पाहून मी ज्याला तब्येत सुधारली म्हणालो, ती रोपाने शिकार सोडल्याची खूण होती. मुळं मात्र अशा खताला बनलेली नसतात, त्यामुळे त्यांचं पुढे काय झालं ते वर सांगितलंच.

मूळ गाव

हे रोप जगात नैसर्गिकरीत्या एकाच टापूत वाढतं: अमेरिकेत नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या किनारपट्टीवर, विल्मिंग्टन शहराच्या आसपास साधारण शंभर किलोमीटरच्या परिघात. लांब सुयांच्या पाइन वृक्षांची विरळ राने, खाली गवत, ओली, आम्लधर्मी, निकस वाळू. या रानांना दर काही वर्षांनी आग लागते आणि फ्लायट्रॅप त्या आगीवर जगतं. आग झुडपं साफ करते, ऊन थेट जमिनीवर पडतं. आग बंद केली की झुडपं वाढतात, सावली पडते, फ्लायट्रॅपची पानं लांबतात आणि रोपं हळूहळू संपतात. झुडपाखाली सापडलेलं ते रोप आणि माझं जुलैतलं रोप यांची तक्रार एकच.

तिथल्या वर्षात पानांचा आकारही ऋतूबरोबर फिरतो. वसंतात रुंद, जमिनीला चिकटलेली पानं. उन्हाळ्यात गवत वाढतं, तशी उंच, बारीक, ताठ पानं. हिवाळ्यात आखूड, चपटी, जमिनीशी बसलेली. विल्मिंग्टन ३४ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे जूनमध्ये दिवस सव्वाचौदा तासांच्या वर आणि डिसेंबरमध्ये जेमतेम दहा तासांचा. पुणे साडेअठरा अंशांवर. आपला दिवस जूनमध्ये सव्वातेरा आणि डिसेंबरमध्ये अकरा तासांचा, म्हणजे फरक सव्वादोन तासांचाच. त्यात आपलं सर्वांत कडक ऊन एप्रिल-मेमध्ये आणि नेमका सर्वांत मोठा दिवस ढगाखाली. रोपाला महिना कळेनासा होतो. माझ्याकडे फेब्रुवारीत उन्हाळी पानं आणि जुलैत रुंद, लोळणारी पानं येतात. तेव्हा परदेशी चित्रफितीत 'मे महिन्यात पान असं दिसायला हवं' असं सांगितलं, तर ते आपल्या कुंडीला लावू नका.

रुंद पान दोन तऱ्हेचं

इथेच बहुतेकांची फसगत होते. पान रुंद आहे एवढ्यावरून वाढ मंद आहे असं म्हणता येत नाही.

एक रुंद पान आखूड असतं, जमिनीला चिकटून बसतं, हाताला जाडसर आणि कडक लागतं, आणि सापळा देठाच्या मानाने ठीक असतो. हे वसंतातलं पान. अशी पानं धडाधड येतात आणि त्या काळात रोपाची वाढ वर्षातली सर्वांत वेगवान असू शकते. इथे काही करायचं नाही. रोप पुढच्या सापळ्यांसाठी भांडवल उभं करतंय.

दुसरं रुंद पान लांब, पातळ, लोळणारं असतं. उजेडात धरलं तर जवळपास आरपार दिसतं. सापळा चिमुकला, आतून फिकट हिरवा. हे अंधारातलं पान, आणि याच्याबरोबर वेग खरोखर उतरतो.

तसंच बारीक पानाचंही. ताठ, बारीक आणि मोठा लाल सापळा असेल तर उत्तम. पण प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा सगळ्याच बाजूंनी लहान येत असेल, देठही लहान आणि सापळाही लहान, तर ते ऊन जास्त झाल्याचं लक्षण नाही. ते मुळांचं दुखणं आहे. त्याकडे पुढे येतो.

टूथपिक लावा

पानाचा आकार एकदा ठरला की बदलत नाही. आज उघडलेलं पान काही आठवड्यांपूर्वी बुडाशी कोंबाच्या रूपात घडायला लागलेलं असतं, म्हणजे ते तेव्हाच्या उजेडाचा आणि पाण्याचा दाखला आहे. लोक रविवारी कुंडी उन्हात नेतात, पुढच्या रविवारी तीच लोळणारी पानं बघून 'फरक नाही' म्हणतात, आणि मग जागा, माती, पाणी सगळं एकदम बदलतात. त्यानंतर काय कशामुळे झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

म्हणून मी नव्या कोंबाशेजारी टूथपिक खोचतो आणि वहीत तारीख लिहितो. महिन्याला एका बुडातून किती पानं आली, एवढंच मोजायचं. वेग म्हणजे हाच. पान केवढं आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. माझ्या गच्चीवर मार्च-एप्रिलमध्ये एका बुडातून महिन्याला तीन-चार पानं येतात, जुलै-ऑगस्टमध्ये दोन, डिसेंबरात एक किंवा शून्य. तुमचे आकडे वेगळे येतील, पण तुमच्याच मागच्या महिन्याशी ताडून पाहता येतील. कुठलाही बदल केला की त्यानंतरचं पहिलं पान सोडून द्यायचं, दुसरं बघायचं, निकाल तिसऱ्यावर. म्हणजे साधारण सहा आठवडे.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिला संशय: उजेड

लोळणारी पातळ पानं असतील तर दहापैकी आठ वेळा उत्तर इथेच मिळतं. खिडकीत 'भरपूर उजेड' आहे हे आपल्या डोळ्यांचं मत. फ्लायट्रॅपला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. बाल्कनीत ऊन दोनच तास येत असेल तर पांढऱ्या प्रकाशाची एलईडी ट्यूब रोपापासून वीतभर उंचीवर चौदा तास लावून ठेवली तरी फरक पडतो. टायमर लावा, आठवण ठेवण्यावर विसंबू नका.

पावसाळ्यात मी कुंड्या छपराखालून काढून उघड्यावर ठेवतो. सुरुवातीला भीती वाटायची की पावसाने झोडपून निघतील. काही होत नाही. थेंबांनी सापळे मिटतात, आत काही नसलं की एक-दोन दिवसांत उघडतात. ढगाळ आकाशाखालचा उजेडही छपराखालच्या उजेडापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि पावसाचं पाणी मातीतले क्षार धुऊन नेतं ते वेगळंच. तरी जुलैतली पानं एप्रिलसारखी येणार नाहीत. ऑक्टोबरचं ऊन पडलं की आपोआप आकार सुधारतो. एवढी रुंदी सोसायची.

घरातलं रोप उन्हात नेताना दहा-बारा दिवस घ्या. सकाळच्या एका तासापासून सुरू करा. अंधारात वाढलेली पातळ पानं एका दुपारीत करपतात. ती करपली तरी बुड शाबूत असेल तर घाबरू नका, नवी पानं उन्हाच्या हिशेबानेच येतील. एप्रिल-मेमध्ये मात्र काळी प्लास्टिकची कुंडी आतून चांगलीच तापते आणि तेव्हा ऊन कमी करण्यापेक्षा कुंडी थंड ठेवणं महत्त्वाचं. मी पांढऱ्या कुंड्या वापरतो, खाली पाण्याचं ताट, आणि बारा ते तीन हिरवी जाळी.

दुसरा संशय: पाणी, आणि त्यातला आरओचा घोटाळा

प्रत्येक पान आधीच्यापेक्षा लहान, सापळे उघडण्याआधीच टोकाला काळे, कुंडीच्या काठावर पांढरी पुटं. हे क्षारांचं लक्षण. आमच्या बोअरचं पाणी मीटरवर सहाशे पीपीएमच्या (दहा लाख भाग पाण्यात सहाशे भाग क्षार) आसपास दाखवतं, फ्लायट्रॅपला पन्नासच्या खाली हवं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. या छंदात दुसरं काही घेतलं नाही तरी चालेल, तो घ्या.

'मी तर आरओचंच घालतो' असं सांगणारे भेटतात. घरगुती आरओ यंत्रात पाण्याला चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल काडतूस बसवलेलं असतं, ते काढलेले क्षार थोडे परत मिसळतं. नळातून येणारं पाणी शंभर-दीडशे पीपीएम निघणं अगदी सामान्य आहे. पिण्याला ते छान, फ्लायट्रॅपला संथ विष. मीटर बुडवून बघा. मी पावसाचंच पाणी भरून ठेवतो. पहिले दोन-तीन पाऊस गच्चीची धूळ धुऊन जाऊ देतो, मग वीस लिटरचे कॅन. दहा कॅन भरले की उन्हाळा निघतो. झाकण घट्ट लावा, नाहीतर डासांची सोय होते.

पाणी चांगलं असूनही हीच लक्षणं असतील तर मातीकडे वळा. आपल्याकडे पीट मॉस (दलदलीतल्या स्फॅग्नम शेवाळाचा अर्धवट कुजलेला भुसा) मागितलं की कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हातात पडण्याची शक्यता भरपूर. दोन्ही तपकिरी, दोन्ही भुसभुशीत. कोकोपीट न धुता वापरलं तर त्यात सोडियम, पोटॅशियमचे क्षार असतात. आणि तयार पॉटिंग मिक्स तर नकोच, त्यात बहुधा गांडूळखत असतं. स्फॅग्नम पीट आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) निम्मं निम्मं, किंवा नुसतं लांब धाग्यांचं स्फॅग्नम मॉस. परलाइटसुद्धा आधी धुऊन घ्या. कुंडी खोल हवी, निदान वीतभर, कारण मुळं खाली जातात. नव्या मातीत बसवल्यावर पहिली एक-दोन पानं विचित्र येतात, कधी बिनसापळ्याची. ती मोजायची नाहीत.

उरलेल्या गोष्टी भराभर

नवीन आणलेल्या रोपाला एकदम पंधरा-वीस चिमुकली पानं असतील, तर बहुधा ते टिश्यू कल्चरमधून (प्रयोगशाळेत रोपाच्या तुकड्यापासून वाढवून) आलेलं आहे आणि एका कुंडीत अनेक बुडं दाटीने आहेत. माती बदलताना हलकेच सुटी करा, आणि वर्षभर त्याच्याकडून मोठ्या सापळ्यांची अपेक्षा ठेवू नका.

नवी पानं पिळवटलेली येत असतील तर भिंगातून मधला कोंब बघा. मावा असेल तर अख्खं रोप कुंडीसह एक-दोन दिवस पावसाच्या पाण्यात बुडवून ठेवा. ऐकायला क्रूर वाटतं, रोपाला काही होत नाही. बारीक जाळी आणि पिवळे ठिपके म्हणजे लाल कोळी, त्याला कोळीनाशकच लागतं.

मधून गोल टोकाचा जाड दांडा वर येऊ लागला तर ते पान नव्हे, फुलाचा दांडा. अशक्त रोपाचा तो दोन इंचांचा असतानाच कापा. नाहीतर महिना-दीड महिना पानं जवळपास थांबतात आणि आपण उगाच पाण्याला दोष देतो.

वाणाचाही भाग असतो. काही वाण बाराही महिने जमिनीला चिकटूनच वाढतात, त्यांना ऊन देऊन उभं करता येत नाही. माझ्याकडचं पूर्ण लाल रोप शेजारच्या हिरव्यापेक्षा कायम एक-दीड पान मागे असतं, त्याच पाण्यात आणि त्याच उन्हात.

भरवायचंच असेल तर उजेड सुधारल्यावर भरवा. सापळ्याच्या एक तृतीयांश आकाराचा एक किडा, महिन्यातून एखाद-दुसऱ्या सापळ्याला. किडा मेलेला असेल तर सापळा मिटल्यावर बाहेरून हलकेच चोळावं लागतं. आत हालचाल जाणवली नाही तर पाचक रस सुटत नाही आणि सापळा रिकाम्या हाताने उघडतो.

हिवाळ्यातली मंद वाढ दुरुस्त करू नका

डिसेंबरात आखूड, चपटी पानं, सापळे अर्धवट, नवं पान नाही. हे दुखणं नव्हे, झोप आहे. पुण्यात रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात तेव्हा रोप अर्धवट झोपतं, मुंबईत तेवढंही नाही. झोप न मिळालेलं रोप लगेच मरत नाही. पुढच्या वसंतात ते दमलेलं उठतं, पानं थोडी येतात, लहान येतात, आणि दोन-तीन वर्षांत संपतं. ज्यांचं रोप दरवर्षी आधीच्या वर्षापेक्षा मंद होत गेलंय, आणि उजेड-पाणी दोन्ही ठीक आहे, त्यांनी इथे बघावं.

मुंबई-कोकणात फ्रिज हाच उपाय. रोप काढून मुळं धुवायची, बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवायची, ओलसर (टपटपणारं नव्हे) स्फॅग्नम गुंडाळून पिशवीत भरून दहा-बारा आठवडे भाजीच्या कप्प्यात. दर पंधरा दिवसांनी उघडून बुरशी बघायची. घरच्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे एकदा ती पिशवी मेथीच्या जुडीबरोबर निवडायला बाहेर आली होती.

सहा आठवडे झाले, तिसरं पानही तसंच आलं, तर रोप हलकेच उपसून बुड बघा. फ्लायट्रॅपचं बुड कांद्यासारखं असतं, देठांच्या मांसल पायथ्यांचं बनलेलं. ते पांढरं आणि घट्ट असेल तर परत लावा आणि वाट बघा, पानं कशीही दिसोत. तपकिरी आणि मऊ असेल तर कुजका भाग स्वच्छ ब्लेडने कापून टाका. जे एक-दोन पायथे पांढरे उरतील ते खाली ओढून सुटे करा, ओल्या स्फॅग्नमवर आडवे ठेवा, वर पारदर्शक डबा. दोन-तीन महिन्यांत एखाद्याच्या पायथ्याशी तांदळाच्या कणीएवढा कोंब दिसतो. माझं सध्याचं सर्वांत जुनं रोप असंच, एका पांढऱ्या पायथ्यातून उगवलेलं आहे.